सेलोवर मिन्युएट, साराबांद आणि बाकीचे नाच: मोठेपणी शिकणाऱ्यांनी सुरुवात पायापासून का करावी आणि कशी

पस्तिशी-चाळिशी उलटल्यावर सेलो हातात घेतलेल्या जवळपास प्रत्येकाच्या डोक्यात एकच गोष्ट असते, जर्मन संगीतकार बाखच्या पहिल्या सेलो सुइटचा (सुइट म्हणजे नाचांची माळ) प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा. सिनेमात ऐकलेला असतो, जाहिरातीत ऐकलेला असतो, त्यामुळे साहजिक आहे. पण त्या सुइटमधला नाच नसलेला भाग नेमका तोच. त्याच्यामागे येणारे सगळे नाचच आहेत: आलमांद, कुरांत, साराबांद, मग सुइटप्रमाणे मिन्युएट किंवा बूरे किंवा गावोत यातली एक जोडी (पहिल्या सुइटमध्ये मिन्युएट), आणि शेवटी जीग. आणि माझं स्पष्ट मत आहे की नवख्या माणसाने प्रेल्यूड बाजूला ठेवून या नाचांपैकी एकापासून सुरुवात करावी, कारण नाचाला ठरलेली पावलं असतात, वजन कुठे टाकायचं हे ठरलेलं असतं, आणि तेच वजन बोमध्ये, म्हणजे गजात, उतरवायचं असतं. प्रेल्यूडमध्ये असं धरायला काहीच नाही, तिथे माणूस नुसता सोळाव्या नोटांच्या मागे धावत राहतो.

थोडी पार्श्वभूमी, कारण ती उपयोगी पडते. सहा सुइट्स, बाखच्या रचनांच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे बीडब्ल्यूव्हीमध्ये, नंबर 1007 ते 1012. साधारण 1717 ते 1723 या काळात, बाख जर्मनीतल्या क्योथेनच्या दरबारात होता तेव्हाच्या असाव्यात असं मानतात. बाखच्या स्वतःच्या हातची प्रत राहिलेली नाही. आपण जे वाजवतो ते त्याची बायको आना माग्दालेना आणि ऑर्गनवादक योहान पीटर केल्नर यांनी केलेल्या नकलांवरून. त्यात स्लर (एकाच बोमध्ये जोडून घ्यायच्या नोटांवरची कमान) कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो यावर अजून वाद चालू आहेत, म्हणून तुमच्या एडिशनमधले स्लर आणि यूट्यूबवरच्या कुणाचे स्लर जुळले नाहीत तर घाबरू नका, दोघंही बरोबर असू शकतात. आना माग्दालेनाच्या प्रतीचे स्कॅन आयएमएसएलपी या नोटेशनच्या वेबसाइटवर फुकट आहेत, एकदा नक्की उघडून बघा.

आणि हे नाच खरे नाच होते. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने 1661 मध्ये पॅरिसला नृत्याची अकादमी काढली, तो स्वतः उत्तम नाचायचा, आणि 1700 मध्ये फये नावाच्या फ्रेंच नृत्यशिक्षकाने पावलं कागदावर लिहायची पद्धत छापली, तिच्यामुळे आजही आपल्याला कुठला पाय कुठल्या मात्रेवर पडायचा ते बऱ्यापैकी माहीत आहे. जर्मन दरबारांमध्ये फ्रेंच नृत्यशिक्षक ठेवायची फॅशनच होती. बाखने सेलोच्या सुइट्स कुणी नाचावं म्हणून लिहिल्या नाहीत हे खरं, पण ऐकणाऱ्यांच्या पायांना तो नाच ठाऊक होता, आणि आपल्या पायांना तो ठाऊक नाही, इथेच सगळी अडचण आहे.

आधी काय यायला हवं

फार नाही. फर्स्ट पोझिशन, बास क्लेफ वाचता येणं, चारही ओपन स्ट्रिंगवर (म्हणजे बोट न ठेवलेल्या तारांवर) सरळ बो, आणि पहिलं बोट अर्धा सूर मागे ताणणं म्हणजे बॅक एक्स्टेन्शन. एवढं असेल तर पहिल्या सुइटचा पहिला मिन्युएट घ्या. नसेल तर जी मेजरमधला तो प्रसिद्ध मिन्युएट घ्या जो पियानो शिकणारं प्रत्येक पोर वाजवतं, सेलोसाठी त्याच्या सोप्या प्रती भरपूर मिळतात. तो आना माग्दालेनाच्या 1725 च्या वहीत आहे म्हणून कित्येक वर्षं बाखच्या नावावर खपला, प्रत्यक्षात तो ड्रेस्डेनचा ऑर्गनवादक क्रिस्टियान पेट्झोल्ड याचा आहे. खाली जे सांगतोय ते दोन्हींना लागू आहे.

बाखच्या काळातला बरोक बो, गटच्या म्हणजे आतड्याच्या तारा, ए सुराचं 415 हर्ट्झला ट्यूनिंग, एंडपिन (सेलोखालचा टेकू) काढून पोटऱ्यांमध्ये सेलो धरणं, या सगळ्याचा विचार आत्ता करू नका. त्यात मजा आहे पण ती नंतरची. आणि मुंबई, कोकण, गोवा अशा दमट ठिकाणी राहत असाल तर गटच्या तारा पावसाळ्यात ट्यूनमध्ये राहायचं नावच घेत नाहीत, साध्या स्टीलच्या तारा बऱ्या. एकच गोष्ट फुकटात करता येते: बो फ्रॉगपासून, म्हणजे हाताकडच्या ठोकळ्यापासून, दोन-तीन बोटं वर धरा. बो हलका लागतो, टोकाकडे आवाज आपोआप बारीक होत जातो, आणि नाचांना तेच हवं असतं.

पायरी एक: सेलो केसमध्येच राहू दे

मिन्युएटचं मूळ पाऊल दोन बारांचं असतं (बार म्हणजे नोटेशनमधला एक खण, इथे तीन मात्रांचा), म्हणजे सहा मात्रांचं. सहा मात्रांत चार पावलं. उभे राहा, वजन डाव्या पायावर, आणि असं करा:

सहाव्या मात्रेवर, म्हणजे सुरू व्हायच्या आधी, गुडघे किंचित वाकवा.
एक: उजवं पाऊल पुढे, आणि चवड्यावर उठा.
दोन: पुन्हा वाका.
तीन: डावं पाऊल पुढे, उठा.
चार: उजवं, साधं चवड्यावर चालल्यासारखं.
पाच: डावं, तसंच.
सहा: वाका, आणि पुन्हा पहिल्यापासून.

पावलं पडतात एक, तीन, चार, पाच या मात्रांवर. आपल्या कानाला सहा मात्रा म्हटलं की दादरा आठवतो, धा धी ना, धा ती ना, सरळ तीन-तीन. मिन्युएटचं संगीतही वरवर तीन-तीनच असतं, पण पाय मात्र त्या तीन-तीनला जुमानत नाहीत, ते दुसऱ्या मात्रेवर खाली जातात आणि तिसरीवर उठतात, आणि चौथी मात्रा, म्हणजे दुसऱ्या बारची पहिली, एका साध्या पावलावर निघून जाते. म्हणजे दोन बार मिळून एकच समेची जागा. हे एकदा पायात बसलं की मिन्युएट वाजवताना प्रत्येक बारच्या पहिल्या नोटेवर धप्पकन बो आपटायची सवय निम्मी कमी होते, आणि ती सवय आपल्या सगळ्यांना असते, कारण आपल्याला लहानपणापासून थ्री-फोर म्हणजे वॉल्ट्झ असंच ऐकवलेलं आहे.

खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत असं जा. घरचे हसतील, हसू दे. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून टाचा उचलून करा, वाकण्याऐवजी टाच खाली, उठण्याऐवजी टाच वर, चालतं. व्हिडिओ बघायचा असेल तर बरोक डान्स मिन्युएट असं शोधा, आणि हातांकडे किंवा पोशाखाकडे न बघता कॅमेरा कृपा करेल तेव्हा नर्तकांच्या गुडघ्यांकडे बघा. जोडी जमिनीवर इंग्रजी झेड अक्षरासारख्या वाटेने एकमेकांच्या जवळून जाते, तो या नाचाचा मुख्य आकार.

एक महत्त्वाची गोष्ट: वाकणं हे *आधी* होतं, उठणं मात्रेवर होतं. म्हणजे मात्रा ही वरची जागा आहे. आपण सेलोवर नेमकं उलटं करतो, मात्रा आली की दाबतो. हे पुढे बोमध्ये येणार आहे, तेव्हा इथेच अंगात भिनवा.

पायरी दोन: तोंडाने म्हणा

पेन्सिल घ्या आणि तुमच्या नोटेशनमध्ये दर दोन बारांवर एक कंस काढा. पहिल्या सुइटचा पहिला मिन्युएट 24 बारांचा आहे, 8 आणि 16 असे दोन भाग, म्हणजे 12 कंस, म्हणजे नाचणाऱ्याची बारा पावलं. आता सूर विसरून नुसती लय तोंडाने म्हणा, कंसाच्या पहिल्या मात्रेला एक जड बोल आणि बाकीच्यांना हलके. बोल तुमचे तुम्ही ठरवा, "डाम्" आणि "ति" चालतील, तबला शिकला असाल तर तिथले घ्या. इथे आपला एक खरा फायदा आहे, आपल्याकडे लय तोंडाने म्हणायची लाज वाटत नाही, तिकडची मोठी माणसं यालाच तयार नसतात.

म्हणता म्हणता चाला. पाय आणि तोंड एकत्र जमेपर्यंत सेलो काढू नका. एखादी संध्याकाळ जाईल, ऑफिसमधून दमून आलात तर हे सेलो वाजवण्यापेक्षा सोपंही आहे आणि शेजाऱ्यांची तक्रारही नाही.

पायरी तीन: ओपन स्ट्रिंगवर बो, आणि इथे वेळ द्या

आता सेलो. डावा हात मांडीवर. ओपन डी घ्या.

जुना नियम असा की बारची पहिली नोट डाउन बोवर. गेऑर्ग मुफाट या संगीतकाराने 1698 मध्ये, फ्रेंच ऑर्केस्ट्रात नाचाचं संगीत कसं वाजवतात ते जर्मन लोकांना समजावताना हे तपशिलात लिहिलंय. कारण साधं आहे, डाउन बो फ्रॉगकडून सुरू होतो, हाताचं वजन तिथे आपोआप असतं, वेगळं दाबावं लागत नाही. अप बो टोकाकडून येतो, तो आपोआप हलका. म्हणजे गजालाच स्वतःचा जड-हलका असतो आणि त्याचा फायदा घ्यायचा.

पण तीन मात्रांच्या बारमध्ये तीन क्वार्टर नोट (एकेका मात्रेच्या) असतील तर डाउन-अप-डाउन होतं आणि पुढचा बार अपवर सुरू होतो, सगळं उलटं. त्यावर मुफाटने सांगितलेला एक उपाय म्हणजे डाउन-अप-अप. दुसरी आणि तिसरी मात्रा एकाच अप बोमध्ये, मध्ये बो किंचित थांबवून. आता बोचा हिशेब करा. डाउनला अर्धा बो वापरलात तर परत येताना दुसऱ्या मात्रेला पाव आणि तिसरीला पाव, बरोबर निघालात तिथे पोचलात. डाउनला पूर्ण बो उधळला तर दोन अपमध्ये तेवढा परत आणावा लागतो आणि हलक्या मात्रा जड होतात. बो म्हणजे महिन्याचा पगार आहे, एक तारखेला उडवला की मग बाकीचे दिवस ओढाताण.

सलग आठव्या नोटा (अर्ध्या मात्रेच्या) असतील, मिन्युएटमध्ये बऱ्याच जागी असतात, तर प्रश्नच नाही, एका बारमध्ये सहा नोटा, सहा सम संख्या, डाउन-अप करत गेलात की पुढचा बार परत डाउनवर. स्लर आले की पुन्हा हिशेब करा, आणि तो वाजवताना नाही, आधी पेन्सिलने करा.

आता सगळ्यात त्रासदायक जागा. एक हाफ नोट आणि एक क्वार्टर, म्हणजे लांब-छोटी. लांब नोटेला डाउन, दोन मात्रा. छोटीला अप, एक मात्रा. पण अंतर दोघींना तेवढंच कापायचंय, म्हणजे अप बोचा वेग दुप्पट झाला, आणि वेग दुप्पट झाला की आवाज मोठा. परिणाम: तिसऱ्या मात्रेवर प्रत्येक वेळी एक ढुशी बसते, जी कुणीही लिहिलेली नाही. फोनवर रेकॉर्ड करून ऐका, हमखास सापडेल. उपाय दोन आहेत. एक, लांब नोटेला बो कमी खर्च करा, सुरुवातीला थोडा आणि मग जवळजवळ थांबल्यासारखा. दोन, अप बो वेगाने येऊ द्या पण तर्जनीचा दाब काढून घ्या, बो तारेवरून नुसता तरंगत येतो असं. दोन्ही करून बघा, बहुतेकांना दोन्हीचं मिश्रण लागतं. ओपन डीवर हे दहा मिनिटं करणं कंटाळवाणं आहे हे मान्य, पण जीगमध्येही हाच घोटाळा होतो, तेव्हा आत्ताच निस्तरलेला बरा.

यात पाय कुठे आले? मात्रेच्या *आधी* गुडघा वाकतो तसा मात्रेच्या आधी उजवा कोपर आणि मनगट जरासं खाली बसतं, आणि मात्रेवर बो तारेतून *बाहेर* निघतो. दाबून सुरुवात करू नका. आधी तार पकडा, मग सोडा. बसल्या बसल्या टाचांनी एक-तीन-चार-पाच चालू ठेवता आलं तर उत्तमच, नाही आलं तर निदान पहिल्या मात्रेला टाच वर जाऊ दे. मेट्रोनोमला एका बारला एक टोला लावा, साधारण 36 ते 40. तीन मात्रांना तीन टोले लावले की मशीन सगळ्या मात्रा सारख्या जड करतं आणि तुम्ही त्याच्यामागे जाता.

पायरी चार: डावा हात, पण थोड्या नोटांसह

इथे मोठ्या माणसांचं नेहमीचं शास्त्र असतं, की जमत नाही तर हळू करा. ठीक आहे, एका मर्यादेपर्यंत. क्वार्टरला 60 च्या खाली गेलात की मिन्युएट मरतो, पाऊल त्या वेगाने पडूच शकत नाही, माणूस चवड्यावर तोल जाऊन पडेल. म्हणून टेम्पो कमी करण्यापेक्षा नोटा कमी करा. पहिल्यांदा प्रत्येक बारची फक्त पहिली नोट वाजवा, बाकीच्या जागी शांतता, लय चालू. पहिल्या सुइटमध्ये या पहिल्या नोटा बहुतेक वेळा खालच्या तारांवर बास म्हणून येतात, त्या एकामागोमाग ऐकल्या की खालून एक वेगळंच गाणं ऐकू येतं, आणि बाख एका तारवाद्यावर दोन-तीन माणसं कशी बसवतो ते कळतं. मग पहिली आणि तिसरी. मग सगळ्या. प्रत्येक टप्प्यावर टेम्पो तोच.

कुठल्या बारमध्ये बोटं अडखळत असतील तर तेवढा बार वेगळा काढून हळू करा, त्याला काही हरकत नाही, फक्त तो परत जोडताना आधीचा बार आणि पुढचा बार बरोबर घ्या, नाहीतर तो बार एकटाच छान वाजतो आणि वस्तीत आला की पुन्हा पडतो.

व्हायब्रेटो, म्हणजे बोट हलवून सूर थरथरवणं, जवळजवळ बंद. लांब नोटेवर थोडा शोभेला ठेवा, बाकी नको. आणि ट्रिल (दोन शेजारच्या सुरांची झरझर अदलाबदल) दिसला तर तो वरच्या सुरावरून सुरू करा, मात्रेवर, घाई न करता. वरच्या सुरावर क्षणभर टेकणं हेच त्यातलं महत्त्वाचं, पुढचे फिरक्यांचे आकडे कमी झाले तरी चालतील.

पायरी पाच: दुसरा मिन्युएट आणि परत पहिला

दुसरा मिन्युएट जी मायनरमध्ये आहे. बी फ्लॅट आणि ई फ्लॅट आले की ए आणि डी तारेवर पहिलं बोट मागे ताणावं लागतं, तेव्हा अंगठा मानेवर घट्ट पकडून ठेवू नका, अंगठा जागेवरच पण सैल, आणि पहिलं बोट आडवं होऊन मागे जाऊ द्या, पूर्ण हात मागे ओढला तर बाकीची बोटं बेसूर होतात. मूड जरा काळवंडलेला, पण टेम्पो मात्र उतरू देऊ नका, मायनर आलं म्हणून रडायला बसायचं कारण नाही, नाच तोच आहे. मग पहिला मिन्युएट पुन्हा. पहिल्यांदा दोन्ही भाग दोनदा, परत आल्यावर सहसा एकदाच. दुसऱ्यांदा वाजवताना एखादी छोटी सजावट, एखादा जास्तीचा ट्रिल, किंवा नुसतंच जरा हळू आवाजात, एवढा बदल पुरतो.

आणि आता चाचणी: रेकॉर्ड करा, सेलो खाली ठेवा, आणि स्वतःच्याच रेकॉर्डिंगवर पायरी एकमधलं पाऊल टाका. जिथे पाय अडतो ती जागा पेन्सिलने खूण करा. बहुतेक वेळा ती अवघड नोटेच्या जागी नसते, अवघड नोटेच्या *आधीच्या* मात्रेवर असते, कारण आपण तिथे दबकतो. ऑनलाइन क्लास करत असाल तर हीच खूण शिक्षकांना दाखवा, स्क्रीनवर त्यांना तुमचे पाय दिसत नाहीत आणि आवाजही उशिरा पोचतो. आपल्याकडे सेलो शिकवणारी माणसं मुंबई, पुणे, गोवा धरून मोजकीच, त्यामुळे ऑनलाइनवाचून बऱ्याच जणांना इलाज नाही.

पुढचा नाच: साराबांद

मिन्युएटनंतर मी साराबांद घ्यायला सांगेन, जरी तो हळू असल्यामुळे सोपा वाटतो आणि तसा नाही. स्पेनमध्ये 1583 मध्ये या नाचावर बंदी घातली होती, इतका तो तेव्हा उच्छृंखल समजला जायचा, आणि फ्रेंच दरबारात येईपर्यंत तोच नाच संथ आणि रुबाबदार झाला. योहान मॅथेसन या जर्मन लेखक-संगीतकाराने 1739 मध्ये प्रत्येक नाचाचा भाव लिहून ठेवला, मिन्युएट म्हणजे माफक आनंद, कुरांत म्हणजे गोड आशा, आणि साराबांदला त्याने सन्मानाची हाव असं काहीसं म्हटलंय. वाजवताना हे फार उपयोगी आहे. साराबांद दुःखी नाही, ताठ आहे.

त्याचं वजन दुसऱ्या मात्रेवर. पण दुसऱ्या मात्रेला मारायचं नाही, तिला *लांबवायचं*, पाय हवेत थोडा जास्त वेळ राहतो तसं. ओपन जी आणि डी एकत्र घेऊन असं करा: एकला डाउन, पाव बो. बो उचलून परत फ्रॉगकडे, दोनला पुन्हा डाउन, या वेळी जवळजवळ पूर्ण, सावकाश. तीनला हलका अप. मग कॉर्ड, म्हणजे एकत्र लिहिलेले सूर. तीन किंवा चार तारांची कॉर्ड एकदम वाजत नाही, वाजवायचा प्रयत्न केला की करकर होते. खालच्या दोन तारा मात्रेवर, तिथे टेका, मग कोपराने वरच्या दोन तारांवर या. कोपराची उंची बदलते, दाब नाही. पहिल्या सुइटचा साराबांद सोळाच बारांचा आहे, आणि तो नीट वाजवायला मिन्युएटपेक्षा जास्त वेळ जाईल.

पाचव्या सुइटच्या साराबांदमध्ये एकही कॉर्ड नाही, नुसती एक रेघ. सोपा म्हणून त्याच्याकडे वळू नका, एकेका सुराला लपायला जागाच नाही तिथे. त्या सुइटमध्ये वरची ए तार खाली जीला लावायची असते, तो आणखी वेगळा गोंधळ.

बूरे आणि गावोत

दोन्ही दोन मोठ्या मात्रांचे नाच, फरक सुरुवातीत. बूरे एका क्वार्टर नोटेएवढ्या अपबीटने, म्हणजे पहिल्या पूर्ण बारच्या आधीच्या तुकड्याने, सुरू होतो, गावोत अर्ध्या बारने. गावोत ऐकताना जवळपास सगळे पहिली नोट हीच पहिली मात्रा समजतात आणि मग पूर्ण नाच उलटा ऐकतात. म्हणून गावोत सुरू करायच्या आधी क्वार्टर नोटा मोजत मोठ्याने "एक, दोन" म्हणा आणि तीनवर वाजवायला लागा. रोज. कितीही वेडगळ वाटलं तरी.

नवख्यांसाठी तिसऱ्या सुइटचा बूरे सगळ्यात चांगला, सी मेजर, हाताला बसणारा, आनंदी. दोन छोट्या नोटा आणि एक लांब, "तिति-डा", हाच त्याचा जीव. त्या दोन छोट्या नोटा डाउन-अप करून मग लांब नोट डाउनला घेता येते, किंवा दोन्ही एकाच अप बोमध्ये. कसंही करा, पण त्या फ्रॉगजवळ, बोच्या इंचभर जागेत व्हायला हव्यात, त्यांना बो जास्त दिला की उडी मारायच्या आधीच दम संपतो. मेट्रोनोम हाफ नोटेवर लावा, क्वार्टरवर लावला तर चार पायांचा नाच होतो. चौथ्या सुइटच्या बूरेकडे मात्र एवढ्यात जाऊ नका, ई फ्लॅट मेजर आहे, ओपन तारांचा आधार कमी आणि एक्स्टेन्शन जास्त.

जीग

पहिल्या सुइटचा जीग सिक्स-एटमध्ये, दोन मोठ्या मात्रा, प्रत्येकीत तीन छोट्या. लांब-छोटी, लांब-छोटी. पायरी तीनमधली ढुशी आठवते? इथे ती प्रत्येक छोट्या नोटेवर यायला टपलेली असते. तोच इलाज, लांब नोटेला कमी बो, छोटीला दाब नाही. वेग हा हाताच्या ताकदीतून येत नाही, खांदा सैल असला आणि बो मधल्या भागातच थोडक्यात फिरत राहिला की येतो. खांदा वर गेला की थांबा, हात झटका, पुन्हा. दोन-तीन मिनिटांपेक्षा सलग जीग करू नका, मोठ्या वयात मनगट आणि कोपर लवकर कुरकुरतात आणि ते बरे व्हायला महिने घेतात.

कुरांत आणि आलमांद शेवटी

सुइटमध्ये हे आधी येतात पण शिकताना शेवटी ठेवा. पाचवी सोडून बाकी सुइट्समधले कुरांत इटालियन वळणाचे, थ्री-फोरमध्ये धावणारे, बोटांची भरपूर कसरत. पाचवीतला फ्रेंच पद्धतीचा, थ्री-टूमध्ये, तिथे कधी दोन-दोन-दोन आणि कधी तीन-तीन असं मोजणं बदलत राहतं आणि चांगले चांगले वादकही आधी कागदावर खुणा करतात.

आलमांद तर बाखच्या काळापर्यंत नाच म्हणून जवळपास उरलाच नव्हता, ते आता बोलणं झालं होतं. एका छोट्या अपबीटने सुरू होतो आणि मग श्वास कुठे घ्यायचा तेच कळत नाही, म्हणून गाऊन बघा आणि जिथे तुमचा श्वास तुटतो तिथे स्वल्पविराम काढा. सहाव्या सुइटचा आलमांद तर एवढा संथ आणि नक्षीदार आहे की बरेच जण त्यात मात्राच हरवतात, आणि ती सुइट मुळात पाच तारांच्या वाद्यासाठी आहे, आपल्या चार तारांवर ती वाजवायला अंगठा फिंगरबोर्डवर ठेवून वरच्या टोकाला जावं लागतं. ती सध्या ऐका. मिन्युएट आणि तिसऱ्या सुइटचा बूरे बसला की पुढचा म्हणून दुसऱ्या सुइटचे मिन्युएट उघडा, डी मायनर, पहिल्यातच कॉर्ड भरपूर आहेत, साराबांदसाठी केलेली कोपराची तयारी तिथे लगेच कामाला येते.